डीजीचं डिझेल पुन्हा पुन्हा सांडतंय? कुठे ते नंतर, कधी ते आधी

डीजी सेटखालचा, म्हणजे डिझेल जनरेटरखालचा, डिझेलचा डाग आपल्याकडे सगळ्यांनी गृहीत धरलेला असतो. सोसायटी असो, हॉस्पिटल असो की मंगल कार्यालय, "एवढं थोडं पाझरायचंच" हे वाक्य ठरलेलं. मग एका सकाळी वॉचमन सांगतो की जनरेटर रूममध्ये पाय घसरतोय. फिटर येतो, नट आवळतो, एम-सील थापतो, टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच बदलतो, बिल देतो. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

असं पुन्हा पुन्हा होणारं सांडणं बहुतेक वेळा लीक नसतंच. टाकी, पाइप, नट सगळं शाबूत असतं. फिटिंग करणाऱ्याने जी वाट उघडी ठेवली त्या वाटेने डिझेल बाहेर येत असतं, म्हणून ओल्या जागेवरचा नट कितीही आवळला तरी फरक पडत नाही. शिवाय डिझेल पाइपाच्या पोटाने आणि अँगलच्या कडेने सरकत जाऊन भलतीकडेच टपकतं, त्यामुळे ओली जागा फसवते. त्यापेक्षा ऑपरेटरला विचारा, सांडतं कधी? टाकी भरताना, पंप चालू असताना, सेट चालू असताना, सगळं बंद असताना रात्री, दुपारच्या उन्हात, की फक्त पावसाळ्यात? याचं नीट उत्तर मिळालं तर निम्मं काम तिथेच होतं.

आत्ता या क्षणी सांडत असेल तर निदान राहू द्या. टाकी भरणाऱ्या ट्रान्स्फर पंपाचा एमसीबी (विजेचा स्विच) पाडा, साठ्याच्या मोठ्या म्हणजे बल्क टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि डिझेल इंजिनाच्या एक्झॉस्टजवळ पोचत असेल तर लोड काढून सेट थांबवा. डिझेल साधारण 210 ते 250 अंश सेल्सिअसला ठिणगीशिवायही पेटतं आणि लोडवरच्या सेटचा टर्बो त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. पाण्याचा पाइप हातात घेऊ नका. वाळू टाका.

सगळं बंद, तरी सकाळी तळं

फ्लोट स्विचचा सगळ्यात जास्त नाहक बळी या प्रकारात जातो.

मांडणी साधारण अशी असते. सेट आणि त्याला रोजचं डिझेल पुरवणारी छोटी टाकी, म्हणजे डे टँक, बेसमेंटमध्ये. डे टँक 990 लिटरची. हा आकडा आपल्याकडे सगळीकडे दिसतो, कारण 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल 'ब' वर्गात येतं आणि एकूण साठा 2500 लिटरच्या आत व कुठलंही एक भांडं 1000 लिटरपेक्षा मोठं नसेल तर परवाना लागत नाही. त्याहून मोठी बल्क टाकी असेल तर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) परवाना लागतो. ती बल्क टाकी वर, कंपाउंडच्या कडेला. मधे एक पंप आणि इंचभर पाइप. डे टँक खाली आली की पंप सुरू, भरली की फ्लोट पंप बंद करतो.

पंप बंद झाला, पण पाइप डिझेलने भरलेला आहे आणि वरची टाकी खालच्या टाकीपेक्षा तीन मीटर उंच आहे. पंपाची गरज आता कुणाला आहे? डिझेल स्वतःच्या वजनाने खाली उतरत राहतं. पंप सेंट्रिफ्युगल असेल तर तो अडवतच नाही. गिअर पंप नवा असताना बऱ्यापैकी अडवतो, झिजला की त्यातूनही पाझर सुरू होतो. नेमकं म्हणूनच "पहिली दोन वर्षं काही नव्हतं हो, आत्ताच सुरू झालं" असं ऐकायला मिळतं. मिनिटाला अर्धा लिटर जरी उतरलं तरी रात्रीच्या आठ तासांत 240 लिटर होतात. फ्लोटने आपलं काम चोख केलेलं असतं, पंप बंदच असतो, आणि सकाळी दोष त्याच्यावर येतो.

"पण एनआरव्ही लावलाय की!" हे उत्तर हमखास येतं. एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, तो उलटा प्रवाह अडवतो. इथे प्रवाह उलटा नाहीच, पंप ज्या दिशेने ढकलतो त्याच दिशेने डिझेल उतरतंय. एनआरव्ही त्याला दार उघडून देतो.

तपासायला खर्च शून्य. रात्री डे टँकची पातळी काडीने मोजून लिहून ठेवा, बल्क टाकीच्या बुडाचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा, सेट चालवू नका. सकाळी पातळी तीच असेल तर दुसऱ्या रात्री व्हॉल्व्ह उघडा ठेवून तेच करा. या वेळी पातळी वाढलेली दिसली तर निदान झालं. दुसऱ्या रात्री पंपाचा एमसीबी पाडायला विसरू नका, नाहीतर वाढलेली पातळी पंपाने वाढवली की उताराने, हा वाद सुरू होईल. आणि डे टँक मुद्दाम निम्मी ठेवा, म्हणजे तपासणीतच सांडणार नाही.

इलाज दोन आणि दोन्ही हवेत. पंपाबरोबर उघडणारा आणि वीज गेली की आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, आणि बल्क टाकीच्या बाहेर पडणाऱ्या लाइनवर अँटी-सायफन व्हॉल्व्ह, जो पंपाने ओढल्याशिवाय उघडत नाही. सोलेनॉइडच्या आधी स्ट्रेनर (गाळणी) लावा, नाहीतर वेल्डिंगचा एक बारीक कण त्याच्या सीटवर अडकतो आणि तो बंद असूनही पाझरतो.

याच मांडणीतली दुसरी खोड ओव्हरफ्लो लाइनची, म्हणजे डे टँकमधलं जादा डिझेल बाहेर नेणाऱ्या पाइपाची. ड्रॉइंगमध्ये 'ओव्हरफ्लो टू बल्क टँक' असं लिहिलेलं असतं आणि फिटर इमानदारीत तो पाइप वरच्या टाकीला नेऊन जोडतो. खालच्या टाकीचं डिझेल तीन मीटर वर चढून जाणार कसं? टाकीचा व्हेंटही (हवा जाण्या-येण्याचा पाइप) तेवढाच उंच नेलेला असेल तर अजून गंमत, कारण मग डिझेल सांडत नाही, टाकी मात्र दाबाखाली येते. तीन मीटर डिझेलचा दाब म्हणजे एक मीटर बाय एक मीटरच्या पत्र्यावर जवळपास अडीच टन. चौकोनी डे टँक ही दाबाची टाकी नाही. तिचं पोट फुगतं, कोपऱ्याचं वेल्डिंग उलतं, आणि मग लोक म्हणतात टाकी हलक्या प्रतीची निघाली. बल्क टाकी वर असेल तर ओव्हरफ्लो खाली एका वेगळ्या छोट्या टाकीत घ्या, तिच्यात अलार्म ठेवा, आणि अलार्म वाजला की पंप व सोलेनॉइड दोन्ही बंद पडतील असं वायरिंग करा.

पंप चालू असताना

इथे पहिल्यांदा पॅनलवरचा सिलेक्टर बघा. ऑटो-मॅन्युअल. मॅन्युअलवर बऱ्याच पॅनलमध्ये फ्लोट सर्किटमधून बाजूलाच पडतो. कुणीतरी एकदा मॅन्युअलवर टाकून चहाला गेला की झालं. मॅन्युअलसाठी सिलेक्टरऐवजी दाबून धरावं लागणारं पुश बटण लावा. हात सुटला की पंप बंद.

त्यानंतर फ्लोटचं वायरिंग. फ्लोटची वायर ढिली करून बघा. पंप थांबला तर ठीक. चालूच राहिला तर वायरिंग उलटं आहे, आणि उंदराने वायर कुरतडली त्या दिवशी तुमच्याकडे तळं होणार. वरच्या पातळीला दुसरा स्वतंत्र स्विच हवा, पहिल्याच्याच रिलेवर नव्हे, वेगळ्या कॉन्टॅक्टरवर. एक टायमरही घाला. पंप मिनिटाला 40 लिटर देत असेल तर 990 लिटरची टाकी 40 टक्क्यांवरून 90 टक्क्यांवर यायला साडेबारा मिनिटांच्या आसपास लागतात. पंधरा मिनिटांनंतरही पंप चालू असेल तर काहीतरी बिनसलंय, त्याने थांबायलाच हवं. टायमर काही शे रुपयांत येतो. एवढी स्वस्त गोष्ट निम्म्या ठिकाणी का नसते, ते मला कधी कळलेलं नाही.

दोन डे टँका शेजारी-शेजारी असतील (परवान्याच्या मर्यादेमुळे ही जोडी पुष्कळ ठिकाणी दिसते) तर त्या बुडाशी बॅलन्स लाइनने जोडलेल्या असतात. पंप भरतो 'अ' टाकीत आणि फ्लोट बसवलेला असतो 'ब' मध्ये. मधला व्हॉल्व्ह कुणी बंद केला किंवा लाइन गाळाने अरुंद झाली की 'ब' रिकामीच राहते आणि 'अ' वरून वाहते. फ्लोट जिथे भरतं तिथे हवा. आणि दोन टाक्यांची स्टँड एका पातळीत आहेत का ते पाण्याच्या नळीने तपासा. एक टाकी दुसरीपेक्षा दोन इंच खाली असेल तर ती कायम आधी ओसंडणार.

सेट चालू असताना

डिझेल इंजिन जेवढं जाळतं त्यापेक्षा जास्त डिझेल टाकीतून ओढतं. उरलेलं इंजेक्टर थंड करून, गरम होऊन रिटर्न लाइनने परत येतं. 500 केव्हीएचा सेट पूर्ण लोडवर तासाला साधारण शंभर लिटर जाळतो. परत येणारं डिझेल इंजिनानुसार त्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. ते जिथून ओढलं तिथेच परत गेलं पाहिजे, एवढा साधा नियम.

दोन सेट, दोन टाक्या आणि मधे 'सोयीसाठी' बसवलेले चार व्हॉल्व्ह असले की हा नियम मोडतो. ऑपरेटर एक नंबरच्या सेटचा सप्लाय दोन नंबरच्या टाकीवर फिरवतो आणि रिटर्न फिरवायचा राहतो. सेट ओढतोय दोनमधून, परत टाकतोय एकमध्ये. एक नंबरची टाकी आधीच भरलेली. तासाभरात ती व्हेंटमधून बाहेर. सप्लाय आणि रिटर्न एकाच हँडलने एकत्र फिरतील असे जोड व्हॉल्व्ह लावा किंवा ही सोयच काढून टाका. दुसरा पर्याय मला जास्त पटतो.

रिटर्न लाइनवर एकटा बंद करता येणारा व्हॉल्व्ह ठेवूच नये. तो चुकून बंद राहिला तर दाब इंजिनात साचतो, फ्युएल पंपाचं सील जातं, आणि डिझेल एकतर बाहेर उडतं किंवा आत ऑइलमध्ये उतरतं.

मग येते थरथर. इंजिन रबरी माउंटवर हलतं, भिंतीवरचा पाइप हलत नाही. दोघांच्या मधे स्टीलच्या जाळीचा फ्लेक्झिबल होज हवा, तोही थोडा सैल. ताणून बसवलेला होज स्टार्ट-स्टॉपच्या झटक्याला बॅन्जो बोल्टपाशी (होज इंजिनाला जोडणारा पोकळ बोल्ट) सुटतो. तिथला तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की पुन्हा वापरायचा नसतो. दर सर्व्हिसला नवा टाका, दहा-वीस रुपयांसाठी जुना उलटा करून लावू नका.

कुठेच ओलं नाही, पण डिझेल कमी होतंय

चोरीचा संशय घेण्याआधी इंजिनाची ऑइल डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी वाढलेली, पातळ झालेलं, नाकाजवळ धरलं की डिझेलचा वास. डे टँक इंजेक्टरच्या पातळीपेक्षा खूप उंच बसवली असेल आणि मधे सोलेनॉइड नसेल तर सेट बंद असताना डिझेल गळत-गळत सिलिंडरमध्ये आणि तिथून सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. हे सांडणं जमिनीवर दिसत नाही आणि म्हणूनच सगळ्यात महाग पडतं: बेअरिंग जातात, सिलिंडरमध्ये डिझेल साचलं असेल तर स्टार्ट मारताना कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा सेटला स्टार्ट मारूच नका. टाकीची कमाल उंची इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. टाकी त्या मर्यादेत खाली आणा.

भरताना उसळतं

आता टँकर दारात येतो आणि जोरात भरतो. जेवढं डिझेल आत जातं तेवढी हवा बाहेर पडायला हवी. अर्ध्या इंचाचा व्हेंट असेल तर हवा अडते आणि डिझेल फिलर कॅपमधून थुंकल्यासारखं उलटं येतं. व्हेंट पुरेसा मोठा असूनही असं होत असेल तर त्याचं टोक उतरवून आत बघा. जाळीवर रंगाऱ्याने ऑइलपेंट मारलेला असतो, किंवा कुंभारीण माशीने आत मातीचं घर बांधलेलं असतं. वरून पाइप धडधाकट दिसतो, आत चिमूटभर माती वाट बंद करून बसलेली असते. बारीक जाळी लावा, टोक खाली वळवा, आणि व्हेंट खोलीत न सोडता इमारतीच्या बाहेर काढा.

दुपारी किंवा पावसात

डिझेल तापमानाच्या प्रत्येक अंशाला हजारात साधारण 0.83 भाग फुगतं. 990 लिटरची टाकी काठोकाठ भरली आणि ती पत्र्याच्या शेडखाली 20 अंशांनी तापली तर सुमारे 16 लिटर डिझेलला जागाच उरत नाही. विदर्भात मे महिन्यात हे सहज होतं. पहाटे भरलेली टाकी दुपारी ओघळते आणि संध्याकाळी कुणाला काही सापडत नाही. 90 टक्क्यांच्या वर भरू नका. बाकी काही करायला नको.

पावसाळ्यातलं कारण उलटं आहे. उघड्या व्हेंटमधून किंवा कॅनॉपीच्या (सेटभोवतीच्या पेटीच्या) बेस टँकच्या सपाट बसवलेल्या झाकणातून पाणी आत शिरतं. पाणी जड, ते तळाला बसतं आणि डिझेलला वर उचलतं. टाकी 'आपोआप' भरत जाते. बुडाचा ड्रेन बाटलीत काढून बघा, खाली पाण्याचा थर स्पष्ट दिसेल. फिलरची मान पत्र्यापासून चार बोटं तरी वर हवी.

खरोखरचा लीक

हे सगळं तपासून झालं आणि तरी ओल येतेच आहे, तर मग लीक शोधा. जागा कोरडी पुसून तिच्यावर खडूची पूड फासा किंवा चुन्याचा पातळ हात मारून वाळू द्या. जिथून डिझेल झिरपतं तिथे पांढऱ्यावर काळसर टिंब उमटतं, आणि ते सगळ्यात वरचं टिंब शोधायचं असतं, सगळ्यात मोठं नव्हे. टाकीला हवेचा दाब देऊन बघण्याच्या भानगडीत पडू नका.

बहुतेकदा टिंब सापडतं ते जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाच्या आट्यांवर. प्लंबरने पाण्याच्या लाइनसारखी सुतळी आणि सफेदा लावून जोडणी केलेली असते. पाणी जिथे थांबतं तिथून डिझेल सरकतं, आणि सफेदा त्यात टिकत नाही. शिवाय जीआयचा जस्ताचा थर डिझेलशी जुळत नाही, त्याचा साका फिल्टरमध्ये जाऊन बसतो. साधा काळा एमएस (पोलादी) पाइप वापरा, शक्य तिथे वेल्डिंग, नाही तिथे फ्लँज.

दुसरी जागा म्हणजे टाकीवरची पातळी दाखवणारी पारदर्शक नळी. ती नवी असते तेव्हा मऊ. उन्हाने आणि डिझेलने पिवळी पडते, मग कडक होते, आणि जुबिली क्लिपच्या खाली तिला केसाएवढी चीर जाते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला जवळपास दोन लिटर, महिन्याला साठ. आणि ती पूर्ण तुटली तर टाकी तेवढ्या उंचीपर्यंत रिकामी. नळीच्या बुडाला आपोआप बंद होणारा कॉक लावा, जो हाताने दाबून धरला तरच पातळी दाखवतो.

टाकीच्या पायाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. स्टँडचा एक पाय खचला की टाकी पाइपावर लटकते आणि नोझलचं वेल्डिंग तडकतं. सायबेरियात नोरिल्स्कला 29 मे 2020 रोजी वीज केंद्राच्या राखीव डिझेल टाकीखालचा आधार खचला आणि सुमारे 21 हजार टन डिझेल बाहेर पडलं, बहुतेक पाण्यात गेलं. तिथे गोठलेली जमीन होती, इथे काळी माती आहे. मुरमापर्यंत खोदून पाया घ्या.

पाळ आणि सांडलेल्याचं काय

टाकीभोवती टाकीच्या क्षमतेच्या 110 टक्के मावेल अशी पक्की पाळ हवी. 990 लिटरला 1089 लिटर, म्हणजे दोन मीटर बाय दोन मीटरच्या जागेत, टाकी पायांवर उभी असेल तर, साधारण 28 सेंटिमीटर उंच भिंत. विटांवर नुसतं प्लास्टर चालत नाही, डिझेल त्यातून झिरपतं. काँक्रीट आणि त्यावर इपॉक्सीचा हात. पाळीतून गेलेल्या पाइपाभोवतीची फट भरली का ते वाकून बघा, बहुधा भरलेली नसते. पाळीचा ड्रेन व्हॉल्व्ह कायम बंद आणि कुलपात. पावसाचं पाणी साचलं तर वर तेलाचा तवंग नाही ना हे बघूनच सोडायचं, आणि तवंग असेल तर आधी तो शोषून घ्यायचा.

सांडलेलं डिझेल साबणाच्या पाण्याने धुऊन गटारात ढकलणं हा आपल्याकडचा सर्रास चालणारा उद्योग आहे. साबणाने ते नाहीसं होत नाही, पाण्यात मिसळून थेट नाल्याला लागतं. कोरडी वाळू टाका, भिजली की प्लास्टिकच्या फावड्याने उचला, झाकणाच्या ड्रममध्ये भरा. लाकडाचा भुसा चांगला शोषतो, पण भिजलेला भुसा पेटायला तयारच असतो, तो जनरेटर रूममध्ये रात्रभर ठेवू नका. हा ड्रम घंटागाडीत द्यायचा नाही. तेलमिश्रित कचरा 2016 च्या घातक कचरा नियमांखाली येतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेलाच द्या आणि पावती फाइलला लावा. त्याच फाइलमध्ये सांडल्याची तारीख, वेळ आणि त्या वेळी पंप व सेट चालू होते की बंद, एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या तर पुढच्या वेळी येणारा फिटर एम-सीलचा डबा बाहेर काढणार नाही.